घरचं, म्हणजे शून्य

जर्मनीहून पत्र आलं त्या दिवशीचा आमच्या घरातला आनंद जेमतेम चहा होईपर्यंत टिकला. कपबशी खाली ठेवून सासऱ्यांनी कपाटावरचं एक जुनं कोरं रजिस्टर काढलं, फडक्यानं झटकलं आणि पट्टी लावून पहिल्याच पानावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडं लिहिलं ‘इथं’. उजवीकडं लिहिलं ‘तिथं’. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, “आता नीट बगून ठरवू. घाई करायची न्हाय.”

घाई म्हणे. तीन वर्षं मी जर्मन शिकत होते. उमरग्याच्या एका खासगी दवाखान्यात नर्स म्हणून दहा-दहा तासांची ड्यूटी करायची, काळीपिवळी जीपमध्ये चार जणींच्या मांडीला मांडी लावून माकणीच्या फाट्यावर उतरायचं, तिथून धरणाच्या अलीकडच्या आमच्या गावापर्यंत मिळेल त्या गाडीनं यायचं, हातपाय धुवायचे आणि सात वाजता मोबाइल भिंतीला टेकवून क्लासला बसायचं. नऊ वर्षांच्या नोकरीनंतर पगार चौदा हजारांवर आला होता आणि तोही दहा तारखेला हातात पडला तर देव पावला म्हणायचं. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पुण्याला जाऊन पास झाले. आता जर्मनीतल्या एका लहानशा शहरातल्या रुग्णालयानं मला नोकरी देऊ केली होती आणि होय की नाही ते चार आठवड्यांत कळवायचं होतं. पहिलं वर्ष मी एकटीनं जायचं, बस्तान बसलं की नवरा आणि सहा वर्षांची मुलगी मागून येणार, असं ठरत होतं. ठरत होतं म्हणजे मी ठरवत होते, बाकीचे बघत होते.

सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामांनी तीस वर्षं सोसायटीची सचिवकी केली. रकाने आखले की त्यांच्या जिवाला बरं वाटतं. आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या, वाचतात ते बोट ठेवून, सावकाश. नवरा विनाअनुदानित शाळेत शिक्षक आहे. त्या शाळेला अनुदान कधी मिळणार याचं जे उत्तर तेच त्याचं सगळ्या गोष्टींचं उत्तर असतं, “बघू.” मी परीक्षेला बसू का, तर बघू. पासपोर्टला अर्ज करू का, तर बघू. लग्नाआधी हा मनुष्य मला शांत स्वभावाचा वाटला होता.

तर तुलना सुरू झाली. थोरले दीर पुण्यात कंपनीत आहेत. त्यांनी फोनवर एक वेबसाइट पाठवली. त्यात दोन शहरांची नावं टाकली की कुठं राहायला किती पडतं ते समोर येतं. उमरगा त्यात नव्हतंच, मग आमचं गाव कुठलं असायला? मामांनी सोलापूर टाकलं आणि म्हणाले, “सोलापूरच्या भावातून चौथा हिस्सा कापायचा, म्हंजी आपला भाव निघतो.” हा चौथा हिस्सा त्यांनी कुठून काढला ते देवाला ठाऊक. वेबसाइट विचारत होती की महिन्याला जिमला किती लागतात, टॅक्सीला किलोमीटरमागं किती, वाइनची बाटली कितीला, चीज किलोला किती. मामा एकेक वाचायचे आणि ‘इथं’च्या रकान्यात मन लावून लिहायचे, ‘लागत नाही’. अर्ध्या पानात आमचं गाव जगातलं सगळ्यात स्वस्त ठिकाण ठरलं, कारण आम्हाला कशाचीच गरज नव्हती.

मग गाव आलं. आमच्याकडं कुणाची सोयरीक मोडली तरी एवढी माणसं येत नाहीत. आलेला प्रत्येक जण तिकडच्या एखाद्या वस्तूचा भाव विचारायचा आणि मी सांगितला की त्याला शंभरानं गुणायचा. एका युरोला शंभर धरा, गुणायला सोपं. शेजारच्या काकू वाटी घेऊन उसनी साखर मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “तिकडं कोथिंबिरीची जुडी कितीला गं?”

“दीड युरो असेल.”

“म्हंजी दीडशे? कोथिंबीर?” त्यांनी वाटी छातीशी धरली. “मग तू खाशील काय?”

मी म्हटलं, “काकू, पगारालाही शंभरानंच गुणा की.” ते त्यांना पटलं नाही. पगार येतो आणि जातो, कोथिंबीर रोज लागते. आत्यांनी त्यांच्या हातातून वाटी घेतली, डब्यातली साखर काठोकाठ भरली, बोटानं सपाट केली आणि दिली. काकू उसनं न्यायला येतात तेव्हा वाटी सपाट असते, परत करतात तेव्हा शिगोशीग. आमच्याकडं तशीच रीत आहे. ही उसनवारी मामांनी कधी मांडली नाही, ती बायकांची बाब आहे.

दीडशेची कोथिंबीर मात्र संध्याकाळपर्यंत पारापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये एका अनोळखी माणसानं मला विचारलं, “ताई, तिकडं कटिंगला अडीच हजार पडतात म्हनं, खरं हाय का?” मी त्याला सांगितलं की मी कटिंग करायला चाललेली नाही.

हे सगळं मी हसून घालवलं असतं. मला संताप आला तो ‘इथं’च्या रकान्याचा.

ज्वारी, शून्य. तूर, शून्य. दूध, शून्य. गहू थोडा विकत, म्हणून त्याला आकडा. शेंगदाणे शून्य, तूप शून्य, अंडी शून्य. मामा लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणायचे, “घरचंच हाय, त्येला काय पडतंय?” आमच्या सगळ्या भागात हीच पद्धत आहे. जे विकत आणलं तेच खर्च, बाकी सगळं घरचं. शेतातून ज्वारी आपल्या पायांनी चालत येते, स्वतःला निवडते, दळून घेते आणि भाकरी होऊन ताटात पडते. घरच्या म्हशीला वैरण कोण टाकतं, शेण कोण काढतं, पहाटे धार कोण काढतं, असलं काही विचारायचं नसतं. ‘तिथं’च्या रकान्यात दुधाच्या पिशवीपासून पाळणाघरापर्यंत सगळ्याला युरो आणि त्याला शंभरानं गुणलेले रुपये. ‘इथं’ला मूल सांभाळणं शून्य, आजी हाय. स्वयंपाक शून्य, बाया हायत. दोन पानं भरल्यावर मामांनी बेरीज केली आणि चष्मा काढून समाधानानं म्हणाले, “बग बरं. हितंच परवडतंय.”

परवडणारच. असा हिशोब मांडला तर माणसानं चंद्रावर जाऊन राज्य केलं तरी ते आमच्या गावापेक्षा महागच पडेल.

घरभाड्याच्या ओळीवर एक गोष्ट झाली. तिथं खोलीचं भाडं बघून मामांनी चुकचुक केली आणि इकडं लिहिलं, ‘घर, फुकट’. आमचं घर भूकंपानंतर मिळालेल्या गावठाणातलं आहे. मूळच्या दोन खोल्या सरकारी, मागं आम्ही वाढवलेल्या. आत्या खाली बसून सुपात तूर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, “फुकट कसं? दोन मान्सं गेली की.”

जुन्या दगडामातीच्या घरात त्यांची सासू आणि धाकटी नणंद गेली होती. म्हणजे मामांची आई आणि बहीण. मामांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या दिवशीची तुलना तिथंच थांबली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ‘फुकट’ हा शब्द खोडलेला होता, त्याच्या जागी काहीच लिहिलेलं नव्हतं.

मग राहणीमान आलं. वेबसाइटवर त्यालाही वेगळा भाग होता. हवा, इथली चांगली. ठीक आहे. पाणी, ‘धरण जवळ’. धरण जवळ आहेच, गच्चीवरून चमकताना दिसतं. नळाला मात्र आठव्या दिवशी पाणी येतं आणि त्या दिवशी मी दवाखान्यात रजा टाकते. मी तसं म्हटलं तर नवरा म्हणाला, “पण येतं की.” वीज, ‘असते’. प्रवास, ‘ओळखीचे लोक भेटतात’. दवाखाना या ओळीवर मामा क्षणभर थांबले, माझ्याकडं कौतुकानं बघितलं आणि लिहिलं, ‘घरातच नर्स आहे’.

त्याला मी हरकत घेतली नाही, हे आता लिहून ठेवते. तेव्हा मला ते आवडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात दिरांचा फोन आला. स्पीकरवर. त्यांनी आकडे तपासले होते आणि त्यांचं मत पडलं की ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ इथलीच चांगली, कारण घरचं सकस खाणं, एकत्र कुटुंब, मुलांवर संस्कार. हे ते पुण्यातल्या अकराव्या मजल्यावरून सांगत होते. दर महिन्याला त्यांची गाडी येते आणि ज्वारीचं पोतं, तूप, कराळाची चटणी घेऊन जाते. तीही शून्यच. फोन ठेवल्यावर मी रजिस्टर ओढून घेतलं.

“मामा, स्वयंपाकाला शून्य कसं? उमरग्यात दोन वेळच्या भाकऱ्यांना बाई किती घेते माहीत आहे का तुम्हाला? मी घरी असले की सकाळचा स्वयंपाक मी करते. धुणं मी करते. तुमची शुगर मी तपासते, इन्सुलिन मी देते. हे सगळं मी तिकडं केलं तर पगार आहे आणि इकडं केलं तर शून्य आहे. असं असतं का?”

मामा दुखावले. “घरच्या मान्साला कुनी रोज देतंय का? उद्या म्हनशील, जेवायला वाढल्याचं बी लिव्हा.”

“लिहा.”

“अगं, असं लिवत न्हाईत.”

“का लिहीत नाहीत?”

मामांनी मुलाकडं बघितलं. मुलगा म्हणाला, “बघू की, चिडायचं कशाला?” त्यावर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगी घाबरून आजीच्या मागं जाऊन उभी राहिली. शेवटी मामांनी पेन माझ्यापुढं ठेवलं. “तूच लिव्ह मग. तुझ्या मनानं लिव्ह. मी बोलनार न्हाय.”

मी लिहिलं. ‘तिथं’चा रकाना मी पुन्हा पहिल्यापासून, माझ्या हातानं, खरा लिहिला. हातात येणारा पगार, खोलीचं भाडं, विमा, खाणं, बसचा पास, हिवाळ्याचे कपडे. कोथिंबीरसुद्धा लिहिली, चिडून. मुलीचा सांभाळ, पहिलं वर्ष, शून्य. विमानाचं तिकीट, एकदा. घरी पाठवायचे पैसे. खाली उरलेला आकडा आला आणि तो एवढा होता की मी तो पुन्हा मोजला. रजिस्टर फिरवून मी मामांपुढं ठेवलं. मला वाटलं, जिंकले.

मामांनी बघितलं आणि ते खरंच काही बोलले नाहीत. रजिस्टर तसंच सतरंजीवर उघडं पडलं होतं. आत्या सूप बाजूला ठेवून सरकत आल्या. उठून येण्याऐवजी सरकत आल्या, कारण एकदा खाली बसल्या की त्यांना धरून उठवावं लागतं. त्यांनी उजव्या रकान्यावर बोट ठेवलं आणि एकेक ओळ वाचत खाली आल्या. भाडं, विमा, खाणं. बोट शून्यावर थांबलं. त्यांनी अलीकडचे शब्द परत वाचले.

“ह्ये शून्य कुनाचं?” त्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं.

“माझंच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या बाजूला बी म्याच.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्या साधं विचारत होत्या, किराणाच्या यादीत गूळ लिहिलाय का असं विचारावं तसं. एका तासापूर्वी मी याच सतरंजीवर बसून शून्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं. आणि स्वतःच्या हातानं, एक क्षणही न थांबता, तेच लिहिलं होतं. सहा वर्षांच्या मुलीला वर्षभर उठवणं, न्हाऊ घालणं, वेणी घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाला बसणं. एक शून्य. मला या बाईला विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी नवऱ्याला विचारलं होतं, मामांशी भांडले होते, दिरांचं ऐकून घेतलं होतं, आईला फोन केला होता, पासपोर्टवाल्याला, एजंटाला, क्लासच्या बाईंना, सगळ्यांना विचारलं होतं.

आणि गुडघा होता. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं होतं, मीच एक्स-रे काढून घेतला होता. डॉक्टर म्हणाले होते की दोन्ही गुडघे गेलेत, उजव्याची वाटी आता बदला, डावा पुढं बघू. आत्या म्हणाल्या सोयाबीन काढून झाल्यावर. सोयाबीन झालं, मग माझी परीक्षा आली. संध्याकाळी सात ते नऊ मी क्लासला बसायची तेव्हा चुलीपुढं त्या बसायच्या. मी नापास झाले, पुन्हा सहा महिने. मग नातीची पहिली आली. मी नर्स होते, घरातच होते, रोज त्यांना भिंतीला धरून उठताना बघत होते आणि आतल्या खोलीत मोबाइलपुढं जर्मनमध्ये ‘तुम्हाला कुठं दुखतं, किती दिवसांपासून दुखतं’ हे विचारायला शिकत होते. ते वाक्य मला अजून झोपेतही म्हणता येतं.

मी म्हटलं, “आत्या, तुम्हाला काय वाटतं? मी जाऊ का?”

“आता इचारायलीस?”

“हो. उशीर झाला. पण विचारतेय.”

मामा खाकरले, बहुतेक त्यांच्या वतीनं उत्तर द्यायला. आत्यांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं आणि ते गप्प झाले.

“जा तू,” त्या म्हणाल्या. “म्या तुझ्या जागी असती तर कवाच गेली असती. पर आधी माझा गुडगा कर. आन् म्या चालाय लागूस्तवर तू हितंच ऱ्हायचं. पोरीच्या मागं पळायला पाय तर पायजेत.”

“मला चार आठवड्यांत कळवायचंय, आत्या. आता एकच राहिलाय.”

“मग कळीव की. जमत न्हाय म्हनले तर न्हाय. म्या बी दोन वर्सं थांबले.”

मी रडले, ते दुःखानं की वैतागानं मला तेव्हाही कळलं नाही. सगळं हातातून जाणार असं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जेवणाच्या सुट्टीत मी त्या रुग्णालयाला पत्र लिहिलं की सासूचं ऑपरेशन आहे, तिची शुश्रूषा मला करायची आहे, मला पाच महिने द्या. शुश्रूषेला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो मला पाठ होता, नोकरीच्या कागदावर तोच होता. नऊ दिवस उत्तर आलं नाही. त्या नऊ दिवसांत मी घरातल्या प्रत्येकावर ओरडले, म्हशीवरसुद्धा. मग दोन ओळींचं उत्तर आलं की चालेल, वसंत ऋतूत या.

ऑपरेशन सोलापूरला झालं. व्हिसासाठी साठवलेले पैसे त्यात गेले, कमी पडलेले आणि पुढं व्हिसाचेही दिरांनी पाठवले, न मागता, हेही सांगायला हवं. आत्यांना घरी आणून पुढच्या खोलीत पलंगावर ठेवलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की सहा आठवडे खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. म्हणजे आत्या आजवर जे करत आल्या त्यातलं काहीच करायचं नाही.

पहिल्याच दिवशी म्हशीनं पान्हा सोडला नाही. मामा बसले, लाथ खाऊन उठले. नवरा बसला, म्हशीनं बादली उलथवली. मी माहेरी उमरग्यात वाढलेली, मला धार काढता येत नाही. चौथ्या दिवशी दूध डेअरीतून आलं आणि संध्याकाळी मामांनी रजिस्टर उघडून ‘इथं’च्या रकान्यात दुधापुढचं शून्य खोडून आकडा लिहिला. मी काही सांगितलं नव्हतं. विकत आणलं ते लिहायचं, एवढाच त्यांचा नियम होता. मग भाकरीला बाई लावावी लागली, कारण मी पुन्हा ड्यूटीवर जात होते. आकडा आला. गोठ्याला माणूस लावला, आकडा. तूर निवडून देणारी, मिरची कांडून देणारी, मुलीला शाळेतून आणणारी रिक्षा. मामा रोज तोंड पाडून एकेक शून्य खोडायचे. नवरा भांडी घासायला शिकला. पहिल्या आठवड्यात तो म्हणाला होता, “बघू, होईल काहीतरी.” दुसऱ्या आठवड्यात तो बघू म्हणायचा बंद झाला, कारण भांडी समोर दिसत असत.

आत्या पलंगावरून विचारायच्या, “आज किती झालं?” मामा आकडा सांगायचे. आत्या म्हणायच्या, “लई महाग झालं की हो गाव.” आणि उशीला टेकून डोळे मिटायच्या. मी त्यांचा पाय उचलून व्यायाम करून घ्यायचे, टाके बघायचे, रोज दोन पावलं जास्त चालवायचे. नऊ वर्षांत शेकडो पेशंटचं केलं होतं. घरच्या माणसाचं हे पहिलंच.

सहा आठवड्यांनी मामांनी बेरीज केली. माझ्या चौदा हजारांत ती बसत नव्हती. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि चष्मा पुसत बसले. “चाळीस वर्सं,” एवढंच म्हणाले, आणि उठून म्हशीला वैरण टाकायला गेले. आता ते रोज टाकतात. म्हैस त्यांना अजून धार काढू देत नाही.

परवाचं माझं तिकीट आहे. बॅग भरलेली आहे, तीत ज्वारीचं पीठ आहे, नेऊ देतील का माहीत नाही. काल दुपारी आत्या माझ्या खोलीत आल्या. काठी न घेता आल्या. हातात रजिस्टर होतं. माझ्या रकान्यातलं ते एकच शून्य अजून तसंच होतं, त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नव्हती.

“ह्ये खोड,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू? आत्या, तुम्ही म्हणाल तेवढे दर महिन्याला पाठवीन. खरंच. आकडा सांगा.”

“पैसे न्हाईत.” त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. “उसनं लिव्ह.”

“काय उसनं?”

“वरीस. एक वरीस उसनं नेलं, असं लिव्ह. पुढं म्या अंथरुनाला खिळंन, तवा परत करायचं. तवा ह्ये नको म्हनूस की माझी ड्यूटी हाय.”

मी पेन धरून बसले. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. पैसे मागितले असते तर मी दर महिन्याला पाठवून मोकळी झाले असते, आणि मला मोकळंच व्हायचं होतं, तीन वर्षं त्याच्यासाठीच तर सगळं चाललं होतं. पण त्यांचा गुडघा माझ्या समोर होता आणि त्या माझ्या उत्तराची वाट बघत उभ्या होत्या, आधाराशिवाय.

शून्य खोडून मी लिहिलं, ‘उसनं, एक वर्ष’. त्यांनी बोट ठेवून वाचलं. मग दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, “सपाट नेतीस, ध्यानात ठिव.”